बेशेट रोगात पाय सुजला, खोकल्यातून रक्त आलं? या चुका टाळा

हुलुसी बेहचेत या तुर्की त्वचारोगतज्ज्ञांनी १९३७ मध्ये तोंडातले व्रण, जननेंद्रियावरचे व्रण आणि डोळ्यांचा दाह यांची एका रोगात मोट बांधली; त्यांच्याच नावाने तो बेशेट रोग. रक्तवाहिन्यांचा दाह त्या त्रयीत नव्हता. आजही पोटरी सुजून आलेला माणूस "मला सारखं तोंड येतं" हे सांगत नाही, आणि त्याला कुणी विचारतही नाही. पहिली चूक इथेच होते. तरुण पुरुषाच्या पायाच्या शिरेत विनाकारण रक्ताची गाठ झाली, तर हा प्रश्न विचारायलाच हवा.

मग रक्त पातळ करायची गोळी सुरू होते आणि सगळी भिस्त तिच्यावरच राहते. पण बेशेटमध्ये शिरेची भिंतच आतून सुजलेली असते. गाठ त्या भिंतीला घट्ट चिकटते (म्हणून ती सुटून फुप्फुसात जाणं तसं विरळाच). दाह शमला नाही तर गाठ पुन्हा होते. त्यामुळे मुख्य उपचार स्टेरॉइड, अ‍ॅझाथायोप्रिन अशा दाह आवरणाऱ्या औषधांचा. सोबत रक्त पातळ करावं का, यावर तज्ज्ञांतही दुमत आहे.

जिवावर बेतते ती चूक वेगळीच. खोकल्यातून रक्त पडतं, पायातली गाठ आधीच माहीत असते, आणि 'ती फुप्फुसात गेली' असं धरून रक्त पातळ करणारं इंजेक्शन दिलं जातं. प्रत्यक्षात फुप्फुसाच्या धमनीला फुगा आलेला असू शकतो, आणि तो फुटला तर रक्त थांबवणं महाकठीण. कधी त्या रक्ताला क्षयाचं समजून आठवडे वाया जातात. आधी सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन), मग औषधाचा निर्णय. रक्त चमचाभर असलं तरी सकाळची वाट बघू नका. इमर्जन्सीच्या दारातच सांगा, "मला बेशेट आहे, धमनीला फुगा आहे का बघा."

सुईचंही जपून. या रोगात काहींना नुसतं टोचलं तरी २४ ते ४८ तासांत तिथे पुळी उठते. धमनीत सुई गेली किंवा टाके पडले, तर त्याच जागी नवा फुगा येऊ शकतो. म्हणून तातडी नसेल तर शस्त्रक्रियेआधी दाह आटोक्यात आणतात.

आणि तोंड बरं झालं म्हणून गोळ्या सोडणं? तोंडातले व्रण गेले तरी शिरा धुमसत असू शकतात. स्टेरॉइड तर एकदम तोडायचंच नसतं, ते डॉक्टर सांगतील तसं उतरवत न्यायचं.