अर्ज करण्याआधी : घरातल्या वृद्धांच्या शासकीय मदतीची तयारी

आत्याचा श्रावणबाळ या वृद्धांच्या निवृत्तीवेतन योजनेचा अर्ज मंजूर झाल्यानंतर आम्ही पाच महिने पैशांची वाट पाहिली. कार्यालय म्हणत होते की रक्कम पाठवली आहे, बँक म्हणत होती की काही आलेले नाही, आणि दोघांचेही खरे होते. आत्याने फार पूर्वी गावातल्या एका शिबिरात दुसऱ्याच बँकेत खाते उघडले होते, तिचे आधार त्या खात्याला जोडलेले राहिले होते, आणि ते खाते खुद्द तिलाही आठवत नव्हते. पक्षाघाताने ती अंथरुणाला खिळलेली, डायपर आणि फिजिओथेरपीसाठी आमची उसनवारी चाललेली, आणि तिच्या हक्काचे पैसे त्या खात्यात साठत होते. खाते आधी न तपासण्याची चूक माझी होती. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत घरच्या घरी वृद्धांना सांभाळणाऱ्यांच्या वाट्याला ती येऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

तयारीची सुरुवात अर्जापासून करू नका, खात्यापासून करा. बँकेत जाऊन ‘आधार लिंक आहे का’ असे विचारले की बहुधा ‘आहे’ असेच उत्तर मिळते, कारण केवायसीसाठी, म्हणजे खातेदाराची ओळख पटवण्यासाठी, आधारची झेरॉक्स दिलेली असते. पण केवायसीला आधार देणे वेगळे आणि शासनाची रक्कम आधारवरून त्या खात्यात येणे वेगळे. थेट लाभाची रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असे नाही. आधार शेवटी ज्या बँकेशी या कामासाठी जोडले गेले, तिथे ती जाते. म्हणून प्रश्न असा विचारा : ‘यांच्या आधारवर येणारी शासनाची रक्कम कोणत्या बँकेत जमा होते?’ आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ (सीडिंग म्हणजे ही जोडणी) या नावाने हीच माहिती मिळते. तिथे दिसणारे बँकेचे नाव हातातल्या पासबुकाशी जुळत नसेल, तर पुढचे सगळे काम थांबवा. योग्य बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि काही दिवसांनी संकेतस्थळावर पुन्हा तपासा. पोच मिळाली म्हणजे काम झाले, असे समजू नका.

ही तपासणी करताना ओटीपी वृद्धाच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो क्रमांक बंद पडलेला असेल किंवा परगावी गेलेल्या भाच्याचा असेल, तर आधी तो बदलून घ्यावा लागतो, आणि हे काम माणूस चालता-फिरता असतानाच उरकावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आधार केंद्रात नेणे किती जिवावर येते, ते आम्ही अनुभवले आहे. त्यांना सही करता येत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दोन साक्षीदारांसमोर उमटवलेला अंगठा चालतो. त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तरीपुढच्या आणि अपंग किंवा आजारी खातेदारांना घरपोच बँकसेवा द्यावी, असे निर्देशही रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिलेले आहेत. शाखेत हे तोंडी सांगून भागले नाही, तर लेखी विनंती द्या आणि तिचीही पोच घ्या.

खात्यावर इतका भर देण्याचे कारण आहे. केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्या माणसाला ‘आश्वासकिरणम’ योजनेतून दरमहा ६०० रुपये मिळतात, म्हणजे सांभाळणाऱ्याच्या श्रमाची नोंद तरी होते. आपण इथे ज्या योजनांसाठी धावपळ करतो, त्यांची रक्कम वृद्धाच्याच नावाने आणि वृद्धाच्याच खात्यात येते. रात्री उठून कूस बदलणारी सून किंवा नोकरी सोडून घरी बसलेला मुलगा त्या कागदांत कुठेच नसतो, हे मला अतिशय अन्यायाचे वाटते. पण ते बदलेपर्यंत वृद्धाचे खाते हेच आपले एकमेव दार आहे.

आता योजना. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेसाठी वय ६५ किंवा अधिक, राज्यात किमान १५ वर्षे वास्तव्य आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, अशा अटी आहेत. ही उत्पन्नमर्यादा आजच्या महागाईत हास्यास्पद नव्हे, तर क्रूर आहे. पण अट तीच आहे, त्यामुळे आधी पात्रता नीट पाहा आणि मगच दाखल्यांमागे धावा. दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेकडे जातो. वयाचा पुरावा, वास्तव्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, फोटो हे सर्वांना ठाऊकच आहे. फक्त आधार, रेशनकार्ड आणि पासबुक या तिन्हींवरचे नाव अक्षरशः सारखे आहे का, ते पाहा. ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नका, आणि मूळ कागद तर कोणाच्याच हाती देऊ नका.

पक्षाघात, पार्किन्सन किंवा दृष्टी गेल्यामुळे आलेले अपंगत्व असेल, तर दिव्यांग प्रमाणपत्र जरूर काढा. ‘म्हातारपणी हे कशाला’ म्हणून आम्ही ते टाळत राहिलो होतो. ऑक्टोबर २०२५ पासून श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनांतील दिव्यांग लाभार्थ्यांना १,५०० ऐवजी २,५०० रुपये मिळू लागले, म्हणजे या एका कागदाने वर्षाला १२,००० रुपयांचा फरक पडतो. नोंदणी यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर करून तपासणीला कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जावे लागते. मेंदू किंवा मज्जासंस्थेच्या आजारात ही तपासणी साधारणपणे आजार सुरू झाल्यानंतर सहा महिन्यांनी करतात, त्यामुळे डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा अहवाल आणि सगळे केसपेपर तोवर एका फाइलीत जपून ठेवा. बरोबर दोन माणसे हवीत, एक रांगेत उभे राहायला आणि एक रुग्णापाशी थांबायला. पाणी, सुके कपडे आणि चादर घ्या.

वय ७० पूर्ण झालेले असेल, तर उत्पन्न कितीही असले तरी आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात, मात्र घरात सत्तरीपुढचे दोघे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते. बोटांचे ठसे उमटत नसतील, तर चेहरा पडताळून कार्ड निघते. दवाखान्यात भरती होण्याची वेळ आल्यावर कार्ड शोधू नका, आजच काढा.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील व्यक्तीला वॉकर, कमोड खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा, कंबरेचा पट्टा अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. उत्पन्नमर्यादा दोन लाख आहे. चौकशी विचारे माळ येथील सामाजिक न्याय भवनात, समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे करावी. साधन घेतल्याचे बिल ३० दिवसांत द्यावे लागते. ही रक्कमही आधारला जोडलेल्या खात्यातच येते, म्हणून पुन्हा सांगतो : आधी बँकेचे नाव तपासा.

उरलेले थोडक्यात. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. वृद्धांच्या तक्रारींसाठी एल्डर लाइन १४५६७. सांभाळणाऱ्याची स्वतःची झोप उडाली असेल, रडू येत असेल, तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६, दिवसरात्र चालू असते. फोन करायला लाजू नका.

मंजुरीचे कळल्यावर पुढच्या महिन्यात पासबुक भरून आणा. त्यात रक्कम दिसली नाही, तर तहसीलला हेलपाटे घालण्याआधी त्याच दिवशी ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा आणि तिथे कोणत्या बँकेचे नाव आहे ते वाचा.