सर्वसमावेशक क्रीडांगण: आधी जमीन, मग झोके

सगळ्या मुलांना खेळता येईल असं मैदान करायचं ठरलं की पहिला सल्ला हमखास येतो, ‘खेळण्यांचा कॅटलॉग मागवा.’ तो ऐकू नका. व्हीलचेअरचा एक झोपाळा कोपऱ्यात, भोवती वाळू, फाटकावर मोठी पाटी आणि काम संपलं, अशी मैदानं भरपूर सापडतात. त्या झोपाळ्यापर्यंत व्हीलचेअर पोचतच नाही. पुढची चाकं वाळूत रुततात आणि मूल कडेला बसून भावंडांचा खेळ बघतं.

कोणाला विचारायचं

दिव्यांग मुलांना, त्यांच्या पालकांना आणि जवळच्या एखाद्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं आणि खेळ जमावेत म्हणून मदत करणारा तज्ज्ञ). सभागृहात नको, जागेवर बोलवा. ‘काय हवं?’ असं विचारलं तर सगळे संकोचाने ‘झोपाळा’ म्हणतात. ‘गेल्या वेळी मैदानातून लवकर का निघालात?’ असं विचारा, मग खरी यादी निघते: सावली नव्हती, दहा वर्षांच्या मुलाला आडवं करून कपडे बदलायला शौचालयात जागा नव्हती, फाटक उघडं होतं आणि मूल रस्त्यावर धावलं.

आराखडा

फाटकाची मोकळी रुंदी किमान ९० सेंटिमीटर. वाट १५० सेंटिमीटर, दोन व्हीलचेअर समोरासमोर येतील तिथे १८०. वळायला १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा. चारी बाजूंनी कुंपण आणि बाकावरून दिसेल असं एकच फाटक. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांसाठी शांत कोपरा हवा, पण तिथून बाकीचा खेळ दिसला पाहिजे. आडोशाला ढकललेला कोपरा मुलाला शिक्षेसारखा वाटतो.

उंच मचाणाचा मोह इथेच आवरा. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र चालत नाही. म्हणजे १.२ मीटर उंचीच्या मचाणाला १४.४ मीटर रॅम्प, शिवाय मधले सपाट टप्पे. एवढी जागा आणि पैसा घालून वर गेल्यावर मुलाच्या हाती बहुतेक वेळा घसरगुंडीचं तोंड आणि परतीचा रॅम्प एवढंच लागतं. मातीचा रुंद उंचवटा करा, त्यावर १:२० उताराची वाट न्या आणि घसरगुंडी त्याच उतारावर टेकवा. स्वस्त पडतं आणि सगळी मुलं एकाच वाटेने वर जातात.

जमीन: सगळं अडतं ते इथे

जमिनीला एकाच वेळी दोन परस्परविरोधी कामं करायची असतात. पडणाऱ्या मुलाचं डोकं वाचेल इतकी ती मऊ हवी आणि व्हीलचेअर सहज ढकलता येईल इतकी घट्ट. वाळू आणि गोटे पहिलं काम करतात, दुसरं अजिबात नाही. काँक्रीटचं नेमकं उलटं.

‘लाकडाचा भुसा टाका, स्वस्त आणि नैसर्गिक’ हा सल्ला अर्धवट आहे. खास क्रीडांगणासाठी केलेले लाकडी तंतू जाड थरात दाबून बसवले तर व्हीलचेअर चालते. पण झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या टोकाला महिन्याभरात खड्डे पडतात, आणि मुलाला व्हीलचेअरमधून उतरायचं असतं ते नेमकं तिथेच. दर आठवड्याला दाताळं घेऊन थर सारखा करणारा माणूस कायमचा ठरला असेल तरच हा पर्याय घ्या. स्वयंसेवकांच्या उत्साहावर तो सोडू नका.

बहुतेक ठिकाणी ओतीव रबर हेच उत्तर असतं. त्याचे दोन थर असतात: खाली जुन्या टायरच्या तुकड्यांचा गादीसारखा थर, वर ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या रंगीत दाण्यांचा. जाडी पडण्याच्या उंचीवर ठरते. म्हणून सगळ्या खेळण्यांची पडण्याची उंची दीड मीटरच्या आत ठेवलीत तर मोठी बचत होते. ते उखडतं कशामुळे, हे काम देण्याआधीच समजून घ्या. खालची खडी नीट दाबली नसेल तर रबर खचतं. निचऱ्याचा उतार नसेल तर पाणी साचून थर सुटतो, पण हा उतार १:५० च्या आसपासच ठेवा, जास्त दिला तर व्हीलचेअर एका बाजूला ओढली जाते. खालचा पाया ओला असताना किंवा पाऊस तोंडावर असताना ओतलं तर बाइंडर (दाणे एकमेकांना चिकटवणारा द्रव) नीट पकडत नाही आणि काही महिन्यांत दाणे सुटे होऊन हाताला लागतात. गडद रंग उन्हात तापून अनवाणी पाय भाजतात, म्हणून फिका रंग आणि वर सावली. रबर आणि वाट जुळतात तिथला उंबरठा ६ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं तेवढ्यालाही अडतात.

कंत्राटदाराचं ‘टेस्टेड आहे’ हे तोंडी उत्तर घेऊ नका. दोन वेगळे दाखले मागा. धक्का शोषण्याची चाचणी युरोपात ईएन ११७७ या मानकाने होते, अमेरिकेत एएसटीएम एफ १२९२ या मानकाने. व्हीलचेअर ढकलायला किती जोर लागतो त्याची चाचणी एएसटीएम एफ १९५१. त्यात हा जोर १:१४ च्या रॅम्पवर लागतो त्यापेक्षा कमी असावा लागतो. पहिला दाखला सगळे देतात. दुसरा मागितला की गप्प बसतात.

खेळणी

तीन-चारच घ्या, पण एकत्र खेळता येणारी: टोपलीसारखा झोपाळा, जमिनीशी समपातळीत फिरणारी चक्री, व्हीलचेअरमधल्या मुलाचे गुडघे खाली जातील असं वाळूचं टेबल (खाली ६१ सेंटिमीटर मोकळी उंची). पाठ आणि पट्टा असलेली झोपाळ्याची खुर्ची साध्या झोपाळ्यांच्याच ओळीत लावा. व्हीलचेअरसकट चढायचा झोपाळा जड असतो, त्याला वेगळं कुंपण लागतं, त्यामुळे मूल पुन्हा एकटं पडतं. आमच्या यादीत तो शेवटी.

पैसा

देणगीदाराला चक्री आवडते, कारण तिच्यावर नाव लिहिता येतं. खडी दाबायला कोणी पैसे देत नाही. यावर उपाय म्हणजे जमीनच विका. रबराच्या क्षेत्रफळाचा खर्च खालच्या पायासकट, निचऱ्यासकट काढा, चौरस मीटरने भागा आणि ‘एक चौरस मीटर’ हे देणगीचं एकक करा. शाळेच्या एका वर्गाला एक चौरस मीटर झेपतो, व्यापारी संघटनेला पन्नास. नकाशावर चौकोन रंगवत गेलात की लोक रिकामे चौकोन मोजायला लागतात. मोठ्या देणगीदाराला खेळणं हवंच असेल तर त्याची किंमत खालच्या आणि भोवतीच्या जमिनीसकट सांगा, सुटी कधीच नाही.

पैसे कमी पडले तर मैदान लहान करा, जमीन हलकी करू नका. पहिल्या टप्प्यात वाट, कुंपण, सावली, शौचालय आणि खेळण्यांचा एकच भाग पूर्ण करा. पुढच्या खेळण्यांचे पाये मात्र आत्ताच घालून ठेवा, नंतर रबर कापून केलेला जोड सगळ्यात आधी उसवतो. अनपेक्षित खर्चाला दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवा आणि देखभालीचा निधी वेगळ्या खात्यात, उद्घाटनाच्या आधी.

कंत्राटदाराचे शेवटचे दहा टक्के पहिला जोरदार पाऊस होईपर्यंत देऊ नका. पाऊस थांबल्यावर तासाभराने रिकामी व्हीलचेअर घेऊन फाटकापासून प्रत्येक खेळण्यापर्यंत जा. पाणी साचलंय किंवा चाक अडतंय तिथे खडूने खूण करा आणि त्या खुणांचा फोटो बिलाला जोडा.