लसीनंतर खांदा धरला? अमेरिकेत भरपाई मागताना या चुका टाळा

फ्लूची लस घेतली, सुई दंडाच्या स्नायूत जायची ती वर खांद्याच्या सांध्यापाशी गेली आणि हात डोक्यापर्यंत जाईना. अमेरिकेत या दुखण्याला ‘सिर्वा’ म्हणतात. 2017पासून ते सरकारी लस-भरपाई योजनेच्या मान्य दुष्परिणामांच्या तक्त्यात आहे. अटींत बसलात, तर लसीमुळेच झालं हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. पण अटींत बसायचं ते कागदावर, आणि गोची तिथेच होते.

मुख्य अट म्हणजे लस घेतल्यापासून 48 तासांत दुखायला लागलेलं असावं. समजा, लस 3 ऑक्टोबरला घेतली. ‘थांबेल आज ना उद्या’ म्हणत तुम्ही 20 नोव्हेंबरला डॉक्टरकडे गेलात आणि ‘कधीपासून दुखतंय?’ या रकान्यात घाईत खरडलंत, ‘महिनाभर’. म्हणजे 20 ऑक्टोबर! सरकारी वकिलाला आयतंच सापडलं. ‘3 ऑक्टोबरला लस घेतली त्या रात्रीपासून, डावा खांदा’ एवढं लिहायला असा कितीसा वेळ लागतो? लसीच्या नोंदीत हात कोणता लिहिलाय तेही बघून घ्या. डाव्याचा उजवा झाला असेल तर लगेच दुरुस्ती मागा.

त्याच खांद्याचं जुनं दुखणं लपवू नका. आधीचे केसपेपर मागवले जातातच.

त्रास 6 महिन्यांहून जास्त टिकला हेही दाखवावं लागतं. फिजिओथेरपी मध्येच सोडून घरी कण्हत बसलात, तर ते कण्हणं कुठल्याच फाइलीत येत नाही.

‘व्हेअर्स’ या लसींचे दुष्परिणाम नोंदवायच्या सरकारी यंत्रणेत तक्रार नोंदवली म्हणजे दावा झाला, असं नाही. दावा वॉशिंग्टनच्या ‘कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स’मध्ये दाखल होतो, पहिलं लक्षण दिसल्यापासून 3 वर्षांच्या आत. कोविडच्या लसीला ही योजना लागूच नाही. तिची योजना निराळी, मुदत लस घेतल्यापासून अवघं 1 वर्ष, आणि सोसलेल्या वेदनांचे पैसे तिथे मिळत नाहीत. नागिणीची लस तर दोन्हींत नाही.

फीच्या धास्तीने वकील टाळू नका. दावा प्रामाणिक आणि साधार असेल, तर हरलात तरी वकिलाची वाजवी फी योजनेतून दिली जाते. ‘भरपाईतला तिसरा हिस्सा माझा’ म्हणणारा भेटला, तर दुसरा गाठा. या योजनेत तसा हिस्सा घेता येत नाही.