इन्फ्लेमेबलमधला ‘इन’ ओळखायचा कसा

परभणीत माझं रंगांचं दुकान आहे आणि संध्याकाळी दुकानावरच्या खोलीत दहावीच्या पोरांची इंग्रजीची शिकवणी. या दोन धंद्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असंच मी धरून चाललो होतो. मागच्या लक्ष्मीपूजनाला दुकानातल्या पोरानं थिनरचा अर्धा उघडा डबा उंबरठ्याजवळ ठेवला. दीड हातावर पणत्या. मी ओरडत गेलो, डबा उचलला, तर तो म्हणतो, ‘‘सर, डब्यावर इन्फ्लेमेबल लिव्हलंय की! इन म्हणजे नाही. इनकम्प्लीट, इनकरेक्ट. तुमीच शिकिवलंय.’’

शिकवलं होतं खरं. अर्धवट शिकवलं होतं.

इंग्रजीत लॅटिनमधून आलेले ‘इन’ दोन आहेत. एक नकाराचा, इनकम्प्लीटमधला. दुसरा ‘आत’ किंवा ‘जोर लावून’ या अर्थाचा. इन्फ्लेमेबलमध्ये हा दुसरा बसलाय. म्हणून शब्द तोडायचाच असेल तर ‘इन’ आणि ‘फ्लेमेबल’ असा तोडू नका. ‘इन्फ्लेम’ म्हणजे पेटवणं, त्याला ‘एबल’ जोडलं की झालं पेटण्याजोगं. मुलांना हे मराठीतून लवकर पटतं. विफल म्हणजे फळ नसलेलं, पण विज्ञान म्हणजे ज्ञान नसणं नव्हे आणि विख्यात माणूस अनोळखी नसतो. किंवा घोर आणि अघोरी घ्या, ‘अ’ लागला म्हणून अघोरी प्रकार काही सौम्य होत नाही.

हा घोळ आमच्याच पोरानं घातलाय असंही नाही. इन्फ्लेमेबल जुना, सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा. फ्लेमेबल आला १८१३ च्या सुमारास आणि बराच काळ कोपऱ्यात पडून होता. लोक ‘इन’ बघून फसतील आणि जिवाला मुकतील, या भीतीनं अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं १९२०च्या दशकात फ्लेमेबल लिहा असा आग्रह धरला. म्हणजे दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, ज्वालाग्राही. नव्या डब्यांवर बहुतेक फ्लेमेबल असतं, जुन्या टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ अजून दिसतं. पेट न घेणाऱ्या वस्तूला नॉनफ्लेमेबल म्हणायचं. पाटी तुम्ही स्वतः लिहिणार असाल तर डोळे झाकून फ्लेमेबल लिहा.

आता ज्वालाग्राही म्हणजे किती ज्वालाग्राही? इथं फ्लॅश पॉइंट बघतात. ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगी लागताच भडकते, ते तापमान. पेट्रोलचं शून्याखाली चाळीसेक अंश, त्यामुळे ते थंडीतही धोक्याचंच. रॉकेलचं मात्र किमान ३५ अंश सेल्सिअस असावं लागतं. पुस्तकात वाचताना ३५ म्हणजे पुष्कळ वाटतात. पण मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळिसावर जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमधलं रॉकेल ती रेघ कधीच ओलांडून बसलेलं असतं. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ते उगाच नाही! थिनरची वाफ तर हवेपेक्षा जड, ती फरशीवरून सरपटत जाते. डबा दूर आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही ते यासाठी. पेटलंच तर पाणी ओतू नका, थिनर पाण्यावर तरंगतं आणि आग घेऊन पसरतं. वाळूची बादली ठेवा.

माणसाबद्दल लिहिताना गणित बदलतं. भडक डोक्याच्या माणसाला इन्फ्लेमेबल टेम्परचा म्हणता येतं, तणावाच्या परिस्थितीलाही इन्फ्लेमेबल चालतं. तिथं फ्लेमेबल लिहिलं तर माणूस चिंधीसारखा पेट घेईल असं वाटतं. प्रक्षोभक भाषण मात्र इन्फ्लेमेटरी. स्वतः पेटतं ते इन्फ्लेमेबल, दुसऱ्याला पेटवतं ते इन्फ्लेमेटरी. दर वर्षी चार-पाच पोरं निबंधात पुढाऱ्याचं भाषण इन्फ्लेमेबल करून टाकतात.

या इन्फ्लेमेटरीनं मला घरात धडा दिला. वडिलांच्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी अँटी-इन्फ्लेमेटरी गोळी दिली होती. त्यांनी विचारलं, ‘‘काय रे लिहिलंय याच्यावर?’’ मी हिशेबाच्या वहीत डोकं घालून म्हणालो, ‘‘इन्फ्लेमेशन म्हणजे दाह, अण्णा. दाह कमी करते.’’ कोशातला अर्थ अगदी बरोबर. आठ दिवसांनी ठेचा-भाकरीनंतर छातीत जळजळ झाली, तर अण्णांनी तीच गोळी घेतली. दाहावरची ना! रात्रभर पोट धरून बसले. असल्या गोळ्या पोटाला आणखीच त्रास देतात, हे सकाळी डॉक्टरांनी सांगितलं आणि मग मला चार शब्द सुनावले. तेव्हापासून औषधाच्या बाबतीत मी इन्फ्लेमेशनला सूज म्हणतो, सुजेबरोबरचा ठणका म्हणतो. दाह हा शब्द घरात काढत नाही.

दुकानातल्या डब्यांवर आता मी जाड ब्रशनं लाल रंगात मराठीतच लिहून ठेवलंय, ‘पेट घेतं’. पोरानं विचारलं, ‘‘सर, ज्वालाग्राही का नाही लिव्हलं?’’ म्हटलं, त्यातल्या ‘ग्राही’वर तू उद्या ग्राहकाला हात लावू द्यायचास.