मक्यावरचा मावा आणि बुरशीची फवारणी

मुलुंडला आमच्या गच्चीवर अर्ध्या ड्रमांत मका लावलाय. श्रावणात तुऱ्यावर आणि पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, मावा हे बारीक किडे बसले. पानं चिकट, वर मुंग्यांची रांग. माव्याला मारणाऱ्या व्हर्टिसिलियम लेकॅनी या बुरशीची पावडर आणली, लिटरला ५ ग्रॅम, आणि भर दुपारी मारली. आठवडा गेला, मावा ढिम्म.

चूक माझीच. दोनच दिवस आधी पानांवरच्या डागांसाठी बुरशीनाशक मारलं होतं. म्हणजे पाहुण्याला बोलवायचं आणि दाराला कुलूप! शिवाय कडक उन्हात बीजाणू टिकत नाहीत.

मावा सोंडेने आतला रस ओढतो, पानावरचं काही खात नाही. ही बुरशी मात्र पोटात जावी लागत नाही. बीजाणू अंगाला चिकटतो, दमट हवेत रुजतो, कातडी भेदून आत शिरतो. दमट हवा आपल्याकडे फुकट!

दहा-बारा दिवस थांबलो, बुरशीनाशक बंद. मग सूर्यास्तानंतर फवारणी, पानांच्या खालून आणि थेट पोंग्यात. आठवड्याने पुन्हा. मुलीच्या भिंगातून पाहिलं तर मावा जागच्या जागी मेलेला, अंगावर पिंजलेल्या कापसासारखी पांढरी लव. मुंग्याही पांगल्या. दोन कणसं मात्र आधीच भरली नाहीत, ती गेलीच.