थंडी पडायच्या आत मफलर विणून होतो, आत्ता सुरू करा

पानं पिवळी पडायला लागली की मी आधी लोकरीचे कपडे बाहेर काढते. एकेक झटकायचा, शिवणी आणि कॉलरच्या आत नीट बघायचं, कारण कसर तिथेच लपते आणि लोकर खाते तिची अळी. बारीक भोकं दिसली तर लगेच रफू करा. मग कपडे थोडा वेळ उन्हात, झालं.

आता मफलर. हे काम मला जिवापाड आवडतं, आणि या दिवसांत खिडकीपाशी उजेड मऊ असतो तेव्हा विणायला बसण्यासारखं सुख नाही खरंच. थोडी जाडसर लोकर घ्या, 100 ग्रॅमचे दोन गुंडे, आणि 5 मिमीच्या सुया. पहिल्यांदाच विणत असाल तर फिका रंगच घ्या प्लीज, काळ्या लोकरीत टाके दिसतच नाहीत आणि माणूस कंटाळून सोडून देतो. 36 टाके घाला, सैलसर, आणि प्रत्येक ओळ सुलटच विणत जा, उलट टाक्याची गरजच नाही, दोन्हीकडून सारखी वीण येते आणि कडा वळत नाहीत. रुंदी साधारण 20 सेंमी भरते.

नवीन माणसाचं एका ठिकाणी हमखास चुकतं. ओळ संपवून सुई फिरवली की लोकर सुईवरून मागे जाते, पहिला टाका ओढला जातो आणि त्याचे दोन टाके दिसायला लागतात, मग दोन्ही विणले की 36 चे 37, 38 होत जातात आणि मफलर पंख्यासारखा पसरतो. म्हणून ओळ सुरू करताना लोकर सुईच्या खालूनच मागे न्यायची आणि दर चार ओळींनी टाके मोजायचे. चुकलं तर उसवा, लोकरीला काही होत नाही.

मध्ये हात दुखले की बाहेर एक चक्कर मारा, चांगली लाल-पिवळी पानं वेचा, वर्तमानपत्रात ठेवून वर जड पुस्तकं, दोन-तीन दिवसांनी कागद बदला. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा ओसरला की दिसतो, लाल मात्र बऱ्याच झाडांत याच दिवसांत नव्याने तयार होतो, म्हणून लाल पान सापडलं की मी सोडत नाही.

150 सेंमी झालं की टाके बंद करा, सैलच हं. मग कोमट पाण्यात बुडवून, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट पसरून वाळवा, दोरीवर टाकलात तर ओल्या लोकरीच्या वजनाने लांबत जातो.