रामोन्सचं गाणं बेंजो-संबळवर बसवायचं कसं

पहिलं म्हणजे गिटार आणायची नाही. एकदा गिटार घुसली की बाकीचे सगळे तिच्यामागे लपतात आणि मग त्याचं फ्युजन होतं, ते आपल्याला नकोय.

सुरुवातीला 'ब्लिट्झक्रीग बॉप' घ्या, रामोन्स या अमेरिकन पंक रॉक बँडच्या 1976 च्या पहिल्या रेकॉर्डवरचं पहिलंच गाणं, 2 मिनिटं 12 सेकंदात खेळ खलास. मुख्य कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) तीनच, पेटीच्या पांढरी सहा पट्टीचा सा धरला तर सा, म आणि प. मधे एक तुकडा जरा वेगळा येतो तो कानाने शोधा, सापडतो.

आता बेंजो. म्हणजे आपला बटणांचा, वरातीत वाजतो तो. पंकवाले गिटारवर जी पॉवर कॉर्ड मारतात त्यात फक्त सा आणि प असतो, गंधारच नसतो, म्हणून ती आनंदी पण नाही आणि रडकी पण नाही, नुसती चिडलेली वाटते. बेंजोवर बटण दाबलं की सुराच्या सगळ्या तारा एकाच जागी दाबल्या जातात ना, मग अर्ध्या तारा सा ला लावा आणि अर्ध्या खालच्या प ला, झालं, एका बोटात पॉवर कॉर्ड! फक्त आहे तीच तार ढिली करून प काढू नका, ती लोळते, तिथे जाड तार घाला. आणि वरचा प लावायच्या नादात तर अजिबात पडू नका, तार तुटून तोंडावर येते (माझ्या आली).

तुणतुणं सा लाच राहू दे. म वर ते गोड बसतं कारण सा हा म चा प असतो, प वर थोडं टोचतं, टोचू दे. नखी वरून खालीच मारायची, रामोन्सचा गिटारवाला जॉनी रामोन तसाच वाजवायचा, उलटसुलट मारलं की तो करवतीसारखा आवाज जातो. लय मिनिटाला 175 मात्रांच्या आसपास आणि प्रत्येक मात्रेला दोन, म्हणजे सेकंदाला जवळपास सहा फटके, मनगट भरून येतं, पहिला आठवडा 120 वरच काढा.

ठेका सोपा आहे आणि तिथेच सगळे फसतात. संबळाच्या मोठ्या भांड्यावर एक आणि तीन, हलगीवर दोन आणि चार, झांज सरळ आठ. हलगी आधी शेकून घ्या, हॉलमधे जाळ करू देत नाहीत तर हॅलोजनचा दिवा चालतो. पण आपल्या हाताला केरव्याचा झोल असतो, तो नकळत येतोच, आणि ढोलकीवाला असेल तर चौथ्या आवर्तनाला त्याला लग्गी (जलद, भरगच्च बोलांची सजावट) सुचते. नाही म्हणायचं. वाजवता येत असूनही न वाजवणं हे फार अवघड काम आहे, आमची चार प्रॅक्टिस याच भांडणात गेली.

संबळ वाजवणारे गोंधळी काका असतील तर आधी विचारा, काहींसाठी ते देवीचं वाद्य आहे आणि ते नाही म्हणाले तर विषय संपला, दोन हलग्या घ्या.

गाण्यातल्या 'हे हो, लेट्स गो' या घोषणेसाठी वेगळं कोणी शोधू नका, पोवाड्यात झीलकरी जे करतात तेच इथे करायचं, मागून तिघांनी एकदम ओरडायचं, सुरात असलंच पाहिजे असं नाही. शब्द मराठीत करायचे तर भाषांतर करू नका, अक्षरं मोजा आणि स्वतःच्या गल्लीबद्दल लिहा, पाणी, पार्किंग, काहीही.

माईक लावताना तुणतुण्याच्या चामड्याजवळ माईक नको, शिट्टी येते, लाकडाला पिझो पिकअप (कंपनं पकडणारी चकती) चिकटवा.

आणि शेवटी तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) नाही. सगळ्यांनी सम धरल्यासारखं एका फटक्यात थांबायचं, हात तारेवर ठेवून आवाज दाबायचा. आमचा ढोलकीवाला दादा अजून त्यानंतर हळूच एक 'धा' मारतो, आम्ही आता काही बोलत नाही.